चढणीची गोळी

औषधांच्या दुकानात, रांगेत माझ्या पुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं.

“उंचावर दम लागू नये म्हणून गोळी घेतोय, एवढंच.”

“आपला दुसरा मजला चढताना तीनदा टेकता तुम्ही.”

“म्हणून तर गोळी. डॉक्टरांनीच लिहून दिलीय.”

“आणि गुडघ्यांना काय सांगणार?”

“लेक तिथे वर वेधशाळेत एकटी राहते. बापानं जायला नको?”

“दोन वर्षांपूर्वी तुम्हीच तिला चालती हो म्हणालात. एक फोन करा, पहिल्या गाडीनं खाली येईल.”

“फोनवर काय बोलू?”

“चुकलो म्हणा.”

“त्यापेक्षा डोंगर परवडला.”

“अहो, डोंगर चढून गेल्यावरही तेच म्हणायचंय.”

“मग भाऊ, एकाऐवजी दोन पाकिटं द्या,” आजोबा दुकानदाराला म्हणाले.