टाकलेली कुबडी

(अलाबामातल्या लहान गावातलं चर्च, त्याचं मागचं स्वयंपाकघर. रविवारची पंगत नुकतीच उठली आहे. अर्लीन ही चर्चमधली वडीलधारी बाई. रेनिटा ही लहानग्या डेल्फीनची आई.)

अर्लीन: ती भांडी राहू दे, पोरी. हात पूस आणि इथे माझ्याजवळ बस. तुला एक गोष्ट सांगायचीय.

रेनिटा: तुमची गोष्ट म्हणजे बोलणीच, मावशी. मक्याची भाकरी करपली म्हणून?

अर्लीन: भाकरीचं मरू दे. डेल्फीन आज गाणाऱ्या मुलांत का नव्हती?

रेनिटा: सर्दी आहे.

अर्लीन: तिची छाती मागच्या बाकापर्यंत वाजत होती. पंप कुठाय तिचा?

रेनिटा: संपत आलाय. पुरवून पुरवून देतेय.

अर्लीन: दम्याचं औषध काय साखर आहे, पुरवून वापरायला? विम्याचं कार्ड दाखव, नवा आण.

रेनिटा: कुठलं कार्ड? तुमच्यासमोरच टाकलं की. पाद्रीबाबा त्या दिवशी कसे गात होते, आठवतंय? 'कुबडी टाका, देवाचा हात धरा.' ऑर्गनवाला सूर सोडेना. आणि मागून तुम्ही, 'टाक गं बाई, टाक.' उठले मी, दिली साक्ष सगळ्या मंडळीसमोर. नवी नोकरी लागली, आता माझी लेक सरकारी विम्यावर नको, म्हटलं. सोमवारी फोन करून नाव काढून घेतलं.

अर्लीन: त्या सुरात मीही माझी काठी टाकली होती. पायऱ्यांपाशी पुन्हा उचलली. अगं, पगार वाढला तरी मुलांचं नाव वर्ष संपेपर्यंत काढत नाहीत ते. नियमच आहे तसा.

रेनिटा: फोनवरची बाई तेच सांगत होती. 'नक्की काढू ना?' म्हणाली. मी म्हटलं, देव आहे.

अर्लीन: आणि नव्या नोकरीतला विमा?

रेनिटा: लेकीला त्यात घातलं तर पगारातलं घरभाड्यालाही उरत नाही.

अर्लीन: मग पुन्हा अर्ज कर. तुझा पगार अजून त्यांच्या मर्यादेत बसतो. अर्ज वर्षभर कधीही घेतात.

रेनिटा: अर्ज भरून देतं कोण? खाली तळघरात बसते ती व्हर्डेल. माझ्या साक्षीला सगळ्यांत जोरात टाळ्या तिच्याच. तिच्यापुढे कुठल्या तोंडानं बसू? शेजारच्या गावी जाईन. तिथे मला कोण ओळखतंय.

अर्लीन: जा. पण माझी गोष्ट ऐकून जा. तुझी साक्ष झाली, त्याच आठवड्यात आणखी एकीनं तसाच फोन करून पोराचं नाव काढून घेतलं. रेनिटाला जमतं तर मला का नाही, म्हणाली.

रेनिटा: कोणी?

अर्लीन: आयोनानं.

रेनिटा: आयोना? तिच्या पोराला तर रक्ताचा आजार आहे.

अर्लीन: दर महिन्याला दवाखान्यात न्यायची त्याला. या महिन्यात नेलं नाही.

रेनिटा: तुम्ही हे आत्ता सांगताय, मावशी?

अर्लीन: मलाच आज पंगतीत कळलं. पोरगं दिसलं नाही म्हणून विचारलं. म्हणाली, सर्दी आहे.





रेनिटा: व्हर्डेल गेली का घरी?

अर्लीन: नाही. बाकांवरचे हातपंखे गोळा करतेय.

रेनिटा: तिला थांबवून ठेवा. मी आयोनाला घेऊन येते.

अर्लीन: काय सांगशील तिला?

रेनिटा: सांगेन, माझ्या लेकीचा पंप संपत आलाय. चल, आधी माझा अर्ज भरू, मग तुझा.

अर्लीन: मी येऊ सोबत?

रेनिटा: नको. तुम्ही फक्त आजच्या प्रार्थनेत तिच्या पोराची आठवण ठेवा. माझं नाव थोडे दिवस नका घेऊ, ते ऐकूनच एकीनं कुबडी टाकलीय.