ओटीवरचं दुसरं दार

मी शिवडीची. शिवडी म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो, नाहीतर चिखलात उतरणारे ते गुलाबी पक्षी, पण त्या दोघांच्या मधे आम्हीपण राहतो, आमचा कोळीवाडा आहे. माझा जन्म त्याच घरातला, आज जिथे बसून तुमच्याशी बोलतेय तिथलाच. बाबा होडीवर, आय बाजारात मच्छी विकायला, आणि मी बी.ए. मी हे आधीच सांगून टाकते कारण मला त्याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही, आमच्या गल्लीत माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, ना बाई ना पुरुष. निकाल लागला तेव्हा आय टोपली डोक्यावर घेऊनच गल्लीभर सांगत फिरली, माजी शैला बीए झाली, आणि बायका विचारायच्या, म्हंजे काय गो, तर आय म्हणायची, मला काय ठावं, पन झाली.

मग परळच्या एका हॉस्पिटलात मला नोकरी लागली, केसपेपरच्या खात्यात, ती रिटायर होईपर्यंत केली. लग्नाचं म्हणाल तर ते राहिलंच. आमच्यातली मुलं म्हणायची ही शिकलेली, मच्छीला हात लावणार नाही, आणि बाहेरची म्हणायची ही कोळीण, हिच्या अंगाला वास येईल. काय सांगू तुम्हाला, दोन्ही बाजूंनी नाकच आडवं आलं. पण मला त्याचं दुःख नाही, खरंच नाही. दुःख वेगळंच आहे, त्यासाठीच तर बसलेय.

माझा धाकटा भाऊ दामू. बाबा गेले तेव्हा तो शाळेत होता, त्याचा अभ्यास मी घ्यायची, त्याला दहावीपर्यंत मीच ओढत नेलं, पुढे त्याचं मन होडीतच, म्हटलं बरं, तेही कामच आहे. त्याचं लग्न झालं, नंदा आली. चांगली मुलगी, तोंडाने फटकळ पण मनात काही ठेवणारी नाही. तेव्हा माझी ड्युटी कधी सकाळची कधी दुपारची, यायला उशीर, आणि दर वेळी नंदाने उठून कडी काढायची. आयच्या ते लक्षात आलं. तिने काय केलं, बाजूच्या खोलीची समोरची भिंत फोडून घेतली आणि ओटीवर आणखी एक दार बसवलं. मला म्हणाली, पोरी, ही खोली तुजी, या दारानं ये, या दारानं जा, कोनाला इचारायला लागता कामा नये. दामू तिथेच उभा होता, त्यानेच चौकट धरली होती मिस्त्रीला. तर असं आमचं घर, एक ओटी आणि तिच्यावर दोन दारं.

आता ओटी म्हणजे तुमच्या मनात काय येईल ते मला माहीत नाही. आमची ओटी कामाची होती. शहाबादी फरशी, वर पत्रा, लाकडी खांबाला जाळ्यांचे भारे, कोपऱ्यात बर्फाची खोकी, दोऱ्या, बॉयलरचं एक जुनं झाकण कशासाठी ठेवलं होतं ते देवालाच ठाऊक. संध्याकाळी जनामावशी आणि शेजारच्या बायका कोळंबी सोलायला तिथेच येऊन बसायच्या. घराचं तोंड दिसायचंच नाही. पक्षी बघायला येणारे लोक वाट चुकून आमच्या गल्लीत आले की नाक दाबून पटापट पुढे जायचे. मला ते लागायचं हो. मी म्हणायची, दामू, घर बाहेरून कसं दिसतं त्यावर माणसाची किंमत ठरते. तो म्हणायचा, ताई, मासळीला कुठे रंग लावतात.

आणि मग गेल्या वर्षी हा दामू स्वतःहून माझ्या खोलीत आला. निखिलचं, म्हणजे त्याच्या मुलाचं लग्न ठरत होतं, मुलगी नायगावची, तिचे वडील पोलिसात. म्हणाला, ताई, मुलीकडचे घर बघायला येणार, ओटी अशी बरी दिसत नाही, तू म्हणायचीस ना, चल आपण समोरचा भाग चांगला करू, आणि तूच काढ कसं करायचं ते, तुझ्याएवढं डोकं आपल्या घरात कोणाला आहे. मला काय वाटलं असेल सांगा. आयुष्यभर मी बोलतेय आणि पहिल्यांदा कोणीतरी ऐकतंय. मी गिरगावात जाऊन वाडीतली जुनी घरं लांबून बघून आले, मोबाईलवर बघितली, आणि चौकोन आखलेल्या कागदावर पट्टी लावून चित्र काढलं. मला ते जमतं. हॉस्पिटलातसुद्धा रजिस्टरच्या रेषा मीच मारायची.

पण एक अडचण होती. दोन दारं. एक रुंद, एक अरुंद, एक मधोमध नाही, दुसरं कोपऱ्यात, त्यामुळे काहीही केलं तरी घर तिरकं हसल्यासारखं दिसायचं. दामूने चित्राकडे बघितलं आणि म्हणाला, ताई, एकच दार मधे घेतलं तर? तुझ्या दाराच्या जागी खिडकी, इकडे तशीच खिडकी, आणि तुला आतून वाट काढू, म्हणजे पावसात ओटीवर यायलाही नको. सहज म्हणाला. मीठ जरा कमी पडलंय, असं म्हणावं इतक्या सहज. मी नवीन कागद घेतला आणि तसं काढलं. आणि खरं सांगते, सुरेख दिसलं. मधे सागवानी दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, खाली तीन पायऱ्या, कडा गोल केलेल्या, भिंत निळी आणि चौकटीला पांढरा काठ. माझ्याच हाताने मी माझं दार पुसलं आणि वर खूश झाले.

आता याच्या बरोबरच गल्लीत काय चाललं होतं ते ऐका. गल्लीत सगळीकडे ठोकाठोक. याने घराच्या बाजूला दार काढलं, त्याने मागे काढलं, एकाने तर जिन्याखाली दार बसवलं, आत माणूस वाकूनसुद्धा जाणार नाही. आमचा मिस्त्री रफिक, तोच सगळ्यांकडे काम करत होता. माझं दार बुजवायला विटा लावताना म्हणाला, दीदी, पूरे गल्ली में दरवाजा निकालने का काम चालू है, आपका अकेला बंद करने का. मी हसले. म्हटलं, रफिकभाई, सबको शोभा की समझ नहीं होती. दामूला विचारलं, हे काय खूळ आहे रे सगळ्यांना, तर म्हणाला, भाडेकरू ठेवतात ताई, सोड ना. मी सोडलं. मनात म्हटलं, अडाणी लोक, चांगल्या घरांची तोंडं बिघडवतात. मी असं म्हटलं. बी.ए. झालेल्या बाईने.

लग्न झालं. हळदीला ओटीवर मांडव घातला, धवलारीण आली, ती लग्नाची गाणी म्हणते ना आमच्यात, ती पायरीवर बसून म्हणाली, शैलाताय, घर कसा राजासारका केलास. मुलीच्या वडिलांनी खांबावर हात फिरवून बघितला. नायगावच्या बायकांनी दारापुढे उभं राहून फोटो काढले. मी नवी साडी नेसून सगळ्यांना सांगत होते, हे मी काढलंय, हो, मीच. दामू माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं कामात आहे.

त्यानंतर कोळीवाड्यातली घरं मोजायला माणसं आली. पुढे कधी इमारती झाल्या, काही झालं, तर कोणाला काय मिळणार त्यासाठी. मी त्या दिवशी बँकेत गेले होते, पेन्शनचं काहीतरी होतं. परत आले तर गल्लीत सगळ्या दारांच्या वर लाल रंगाने आकडे मारलेले, जिन्याखालच्या त्या दारावरसुद्धा. आमच्या सागवानी दारावर एक आकडा. मी म्हटलं, एवढ्या छान भिंतीवर रंग कशाला फासला. पहिला विचार हाच आला हो माझ्या डोक्यात, शपथ सांगते.

नंदा ओटीवर बोंबील साफ करत बसली होती. नव्या लादीवर नाही, खाली प्लास्टिक टाकून. तिला विचारलं तर म्हणाली, एक दार एक घर असं मोजलं त्यांनी. मी म्हटलं, आणि माझी खोली? ती म्हणाली, त्यांनी विचारलं ना, आत त्या खोलीत कोण, तर हे म्हणाले, ताई आहे, आमच्याकडे असते. मी म्हटलं, काय म्हणाला? आमच्याकडे असते, असं म्हणाले, ती बोलली आणि सुरी खाली ठेवली, कारण माझा चेहरा बघितला असेल तिने. मग हळूच म्हणाली, मला वाटलं तुमचं आधीच बोलणं झालंय, गणपतीच्या आधी मच्छीमार सोसायटीत मीटिंग झाली त्यात सगळं सांगितलं होतं दारांचं, हे गेले होते की.

म्हणजे बघा. मीटिंग गणपतीच्या आधी. दामू माझ्या खोलीत आला तो गणपतीनंतर.

मी जनामावशीकडे गेले. ती आयची मैत्रीण, मला अंगाखांद्यावर खेळवलेली. म्हटलं, मावशी, तुला माहीत होतं? म्हणाली, सगल्यांना म्हाईत व्हतं बाय. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस, मी माझं दार बुजवत होते आणि तू समोर बसून कोळंबी सोलत होतीस. तर म्हणते कशी, अगो, तू शिकलेली, हापिसात काम केलेली, आमी म्हटला शैलानं कायतरी ईचार करून केला आसल, तुला आमी काय शिकवनार. मला राग येईना आणि रडूही येईना. आयुष्यभर ज्याचा तोरा मिरवला त्यापुढे सगळी गल्ली अदबीने गप्प बसली होती.

दामू होडीवरून आला तेव्हा मी पायरीवर उभी होते. म्हटलं, तुला माहीत होतं. तो म्हणाला, ताई, तू काय परकी आहेस का, आकडा कोणाच्याही नावाचा असो, तू आहेस तोवर खोली तुझीच. मी म्हटलं, मी आहे तोवर, हे मी धर्मशाळेतसुद्धा ऐकलं असतं, आयने मला असं नव्हतं सांगितलं, आणि चौकट तू धरली होतीस. तो म्हणाला, निखिलचं लग्न झालं, उद्या त्याला पोरं होतील, तुझी खोली माझ्या आकड्यात धरली तर तेवढी जागा त्यांना जास्त मिळेल, तुला मागे कोण आहे, ताई, तूच सांग. मी म्हटलं, मग हे मला तोंडावर बोलायचं होतंस, मी कदाचित दिलीही असती, तू मागितली असतीस तर. खरंच दिली असती. त्याने लादीकडे बघितलं, बोटाने पायरीची गोल कड चाचपली आणि म्हणाला, चित्र तर तूच काढलंस ना.

तेवढंच. मग पाय धुऊन आत गेला. मधल्या दाराने.

मी काही गप्प बसणारी नाही, मी अर्ज लिहिला. इंग्रजीत आणि मराठीत. पण नुसत्या अर्जाने काय होतं, इथे आधी दार होतं असं सांगणारे शेजारी लागतात. मी घरोघर गेले. सगळ्यांनी चहा दिला, सही कोणी दिली नाही. शेवटी जनामावशीनेच खरं ते सांगितलं, हात जोडून म्हणाली, बाय, तुजं दार व्हतं ह्ये बघायला ते परत आले तर आमची पन बघतील, कनचा जुना नि कनचा नवा, मग आमच्या पोरांनी जावं कुटं. जिन्याखालचं ते दार तिच्याच मुलाचं. माझं एक खरं दार मिळवायचं तर गल्लीतली सगळी खोटी दारं उघड करायची. मी ते करू शकते. मला भाषा येते, कोणाकडे जायचं ते कळतं, सह्या नसल्या तरी एक फोन पुरे. दामूला ते माहीत आहे, मी तो करणार नाही हेही त्याला माहीत आहे, माझ्या भावाला मी पुरती पाठ आहे. हेच लोक आयला खांद्यावर घेऊन गेले. त्यांच्या पोरांना मी बाहेर काढू? अर्ज पलंगाखाली ट्रंकेत आहे, तिथेच राहील.

दामूशी मी बोलते. जेवणाचं, औषधाचं, गॅसचं. निखिलची बायको गुणी आहे, मला आत्या म्हणते, सकाळी चहा खोलीत आणून देते, पडदा बाजूला करायच्या आधी बाहेरून विचारते, येऊ का आत्या. तिचं भलं होवो, तिला यातलं काही माहीत नाही आणि मी सांगणार नाही. पोटुशी आहे ती.

आणि ओटी? ओटी फार सुंदर झाली आहे, सगळे म्हणतात, मीपण म्हणते. जाळी, खोकी सगळं मागे गेलं. बायका कोळंबी सोलायला आता येत नाहीत, म्हणतात लादीला वास लागेल. पक्षी बघायला येणारे मात्र मुद्दाम आमच्या गल्लीतून जातात, थांबतात, आणि हल्ली तर लग्न ठरलेली पोरं-पोरी येतात, नटून, कॅमेरावाला घेऊन, आमच्या पायऱ्यांवर उभी राहतात. दामू काही म्हणत नाही, त्याला आवडतं. मी माझ्या खिडकीत असते, दुपारी दुसरीकडे कुठे जाणार. परवा असंच एक जोडपं आलं होतं, दादरचं असावं, मुलगी गोड होती, लाजत लाजत जवळ आली आणि म्हणाली, मावशी, दोन मिनिटं जरा आत जाता का, खिडकीत तुम्ही फोटोत येताय. मी म्हटलं, पोरी, काढ फोटो, सुखाने नांदा दोघं, देव तुमचं बरं करो. पण मी फोटोत येणार. मी इथे राहते.