पिवळ्या दारासाठी प्रार्थना

"हिचं लांबतं गं फार. तिकडं मटणाचा रस्सा गार होतोय—"

ऐकलं बरं का मी! खांबाजवळून आलं, दुसऱ्या रांगेतून. नाव घेत नाही. पण काळजी करू नका, रस्सा झाकलेला आहे, आणि राखायला आपले दोन पंच बसलेत. म्हणजे काळजी करायचीच असेल तर त्या दोघांची करा! बसा निवांत.

तर मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. दहा आज्ञा आपल्या सगळ्यांना पाठ. खून केलाय का कोणी? नाही. चोरी? नाही. बरं, नववी आज्ञा? शेजाऱ्याबद्दल खोटी साक्ष द्यायची नाही. "छे हो बाई, आम्ही कोर्टाची पायरीसुद्धा चढलो नाही!" फार छान. मग मला सांगा — माणूस गुडघ्यांवर बसून, हात जोडून, डोळे मिटून, शेवटी आमेन म्हणून — नववी आज्ञा मोडू शकतो का?

गप्प बसलात! म्हणजे मोडता येते.

श्रीरामपूरच्या अलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथले तिघं इथं जेवायला आलेत. त्या गावात मिशन कंपाउंड. एका रांगेत आठ घरं, मधे नळ, टोकाला चिंच. त्यातल्या तिसऱ्या घरात राहायच्या नलिनीबाई त्रिभुवन. बालवाडीच्या बाई, आता निवृत्त, पण सवय गेलेली नाही. दिसेल त्याला "सरळ बस" म्हणणार.

आज्ञा पाळाव्यात तर नलिनीबाईंनी! रविवारी सुईत दोरा ओवायच्या नाहीत. कुकर लावायच्या, पण शिट्ट्या मोजायच्या नाहीत. म्हणायच्या, "मोजणं म्हणजे काम!" मग भाताची रोज लापशी — म्हणजे दर रविवारी. नवरा भास्करराव बिचारे मुकाट्यानं चमच्यानं खायचे.

भिंतीवर दहा आज्ञांची चौकट. स्वतःच्या हातानं भरतकाम केलेलं, लाल दोऱ्यानं, एकेक टाका मोत्यासारखा. एकच झालं. पोरानं पुण्याहून मोठा टीव्ही पाठवला. तो चौकटीखाली उभा केला, आणि खालच्या दोन आज्ञा गेल्या टीव्हीच्या मागं. नववी आणि दहावी! रोज सकाळी नलिनीबाई चौकटीपुढं उभ्या राहून वाचायच्या — एक ते आठ.

आता, नलिनीबाई चुगली करायच्या का? मुळीच नाही! नळावर कोणी काही काढलं की कानांवर हात. "नको गं बाई, मला चुगली चालत नाही. आपण त्यासाठी प्रार्थना करू."

आणि मग बुधवारी घरोघरची महिला प्रार्थना. सतरंजी अंथरलेली, बायका डोळे मिटून बसलेल्या, आणि नलिनीबाईंचा सूर लागायचा — "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे, कोपऱ्यावरची सून माहेरी जाऊन तीन आठवडे झाले... तुला ठाऊकच आहे, ती सासूशी काय बोलली... आणि सासू तिला उलट काय बोलली, तेही तुला शब्दशः ठाऊक आहे..."

अहो, त्याला ठाऊकच आहे, मग मोठ्यानं कोणाला सांगताय! पण बायकांचे डोळे मिटलेले आणि कान सुपाएवढे. आणि आमेन असा खणखणीत, की चिंचेवरचे पोपट उडायचे!

पेटीवाले दादा, जरा सूर धरा —

*मिटले डोळे, जोडिले हात,*
*जीभ परी फिरे गावात,*
*प्रभू पुसे हळूच कानात —*
*मजशी बोलसी की तिजशी?*

मजशी की तिजशी! ठेवा लक्षात.

आता पाचव्या घरात शांतवन देठेकाका आणि सुगंधाकाकू. काका मंडळीतले वडील, म्हणजे चर्चनं निवडलेले ज्येष्ठ; एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. पण त्यांची खरी सेवा वेगळीच. आपल्या प्रभुभोजनाचा रस असतो ना, छोट्या पेल्यांतला? तो काका करायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील करायचे. काळ्या मनुका धुवायच्या, भिजवायच्या, मंद आचेवर शिजवायच्या, मलमलीतून गाळायच्या. शनिवारी काकांच्या घराला वेगळाच गोड वास यायचा. त्या दिवशी काका कोणाशी चढ्या आवाजात बोलायचे नाहीत. म्हणायचे, "रसात उतरतं."

आणि मंडळी, या घराचं दार पिवळं. कसं पिवळं? वरणासारखं नाही, लिंबासारखं नाही — टॅक्सीच्या टपासारखं! लांबून येणारा पाहुणा दारावरूनच घर ओळखायचा. पण सुगंधाकाकूंना विचारलं तर म्हणायच्या, "आमचं दार क्रीम आहे. मी स्वतः निवडलाय रंग. डब्यावर लिहिलं होतं." बारा वर्षं झाली. काकूंसमोर त्या दाराला पिवळं म्हणायची कंपाउंडात कोणाची छाती नव्हती.

तर एका बुधवारी नलिनीबाई बाजारातून रिक्षानं येताहेत. एसटी स्टँडच्या बाजूला परमिट रूम. रिक्षा खड्ड्यापाशी हळू झाली, आणि नलिनीबाईंनी काय पाहिलं? परमिट रूमच्या मागच्या दारातून देठेकाका बाहेर! खांद्यावर पोतं. पोत्यात — खण, खण, खण. डोळे लालबुंद. नाक लाल. पाऊल इकडंतिकडं. आणि रिक्षात नलिनीबाई दिसल्या तसं काकांनी पोतं पाठीमागं लपवलं!

आता राहिलं काय? एवढ्यावर तर पोलीससुद्धा केस लिहून मोकळे होतील!

नलिनीबाईंनी कोणाला सांगितलं का? अजिबात नाही. संध्याकाळची प्रार्थना होती ना.

"हे प्रभू... आमच्यातला एक वडील... नाव मी घेत नाही, तू जाणतोस... पिवळ्या दाराच्या आत राहणारा..."

सतरंजीवर एकेक डोळा हळूच उघडला!

"...त्याला त्या पाशातून सोडव. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरव, प्रभू — ते खणखणणारं ओझं!"

आमेन! आणि सगळ्यांत मोठा आमेन कोणाचा? सुगंधाकाकूंचा!

हसताय? नलिनीबाईंनी तेव्हा घाईत दुसरीचीच चप्पल पायात घातली. घरी जाताना काकूंनी त्यांचा हात धरला. "नलिनी, कोण गं बिचारा तो पिवळ्या दारवाला? त्याच्या बायकोच्या जिवाला काय होत असेल. मीही रोज प्रार्थना करीन त्याच्यासाठी."

नलिनीबाई म्हणाल्या, "करा काकू." दुसरं काय म्हणणार?

आणि महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर घरी पोचायच्या आत संदेश पडलेला होता. "प्रार्थनेचा विषय: पिवळे दार." पुढं हात जोडलेली सहा चित्रं. काकूंकडं साधा फोन, त्यामुळं त्यांना सोडून सगळ्यांना कळलं. बायकांकडून नवऱ्यांना, नवऱ्यांकडून पंचांना, पंचांकडून पाळकसाहेबांना. पाळकसाहेब तरुण, नव्यानंच आलेले. विचारायची हिंमत नाही, गप्प बसायची सोय नाही. शनिवारी काकांना फोन केला. "काका, उद्याचा रस मंडळी बाहेरून आणतेय. आता आराम करा. वय झालं."

झावळ्यांचा रविवार. प्रभुभोजनाला रस आला खोक्यातला. लिचीचा! गुलाबी. खोक्याच्या बाजूला नळी चिकटवलेली. प्रभूच्या मेजावर लिची! एक म्हातारे पेला तोंडाला लावून दचकले, त्यांना वाटलं औषध दिलं.

काका शेवटच्या बाकावर. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या हातांना काम नव्हतं. नलिनीबाईंनी एकदा मागं वळून पाहिलं. मग नाही पाहिलं.

सोमवारी काकांनी नळावर पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, मागच्या खेपेला रस आंबला होता का?" साहेब म्हणाले, "नाही नाही काका, रस उत्तम." "मग?" साहेबांना अचानक चिंचेवर काहीतरी दिसलं. मंगळवारी काकांनी भास्कररावांना विचारलं. भास्कररावांना खोकला आला. अहो, आठ घरं, सगळ्यांना कारण माहीत, आणि ज्याचं आहे त्याला एकही सांगेना! काका जेवेनासे झाले. काकू नलिनीबाईंना म्हणाल्या, "माणूस रात्री उठून पातेलं हुंगतो गं. म्हणतो, सुगंधा, तुला काही वास येतो का?"

आणि बुधवारची प्रार्थना कोणाच्या घरी? पाचव्या घरी!

बायका आत आल्या. सतरंजीवर बसल्या. आणि समोर कपाटावर ओळीनं अकरा बाटल्या! जाड, काळ्या काचेच्या. घासून घासून लखलखीत. वर फडक्याची टोपी, खाली काळाभोर रस.

काका स्वतः पेले घेऊन आले. छोटे, प्रभुभोजनाचे. "बायांनो, शनिवारचाच आहे, फ्रिजमधून आत्ताच काढला. चाखून सांगा, कुठं चुकलं. बाटल्यांचा दोष असेल का? आमची फळी कोसळली, जुन्या फुटल्या. असल्या जाड बाटल्या फक्त त्या परमिट रूमवाल्याकडं. तो भला माणूस म्हणाला, मागच्या दारानं या, रिकाम्या घेऊन जा. मागं त्यांचा भटारखाना, तिथं सुक्या मिरच्या भाजत होते! माझे डोळे, माझं नाक — मला चालता येईना. वर लाज वाटली. वडील माणूस, खांद्यावर दारूच्या बाटल्या! कोणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं? ...तीनदा उकळल्यात गं. तरी वास राहिला का?"

बायकांनी पेले तोंडाला लावले. मंडळी, तो रस असा गोड होता, की एकीलाही गिळवेना!

"छान आहे, काका."

"मग का?"

कोणी पंख्याकडं बघतंय, कोणी सतरंजीचा दोरा ओढतंय. पाळकीणबाई घाईनं म्हणाल्या, "चला, प्रार्थना सुरू करू या."

सुगंधाकाकू म्हणाल्या, "आधी त्या पिवळ्या दारवाल्यासाठी करा. मी रोज करतेय. नलिनी, तू घे."

सगळ्यांचे डोळे मिटले. नलिनीबाईंनी हात जोडले. "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे—"

आणि थांबल्या.

त्याला ठाऊक होतं! खरंच ठाऊक होतं! आयुष्यात पहिल्यांदा नलिनीबाईंना कळलं, की आपण हे वाक्य काय म्हणून बोलत होतो. त्यांनी हात सोडले. डोळे उघडले. प्रभूकडं नाही, समोर काकांकडं पाहिलं.

"काका, तो पिवळ्या दारवाला तुम्ही. मी तुम्हाला तिथून निघताना पाहिलं. तुम्ही पिता असं मी सगळ्यांना सांगितलं. प्रार्थनेत सांगितलं. तुमची सेवा गेली ती माझ्यामुळं. मी एका शब्दानं विचारलं नाही तुम्हाला."

काका पेल्यांचं ताट धरून उभे. मग हळूच म्हणाले, "म्हणजे... रस आंबला नव्हता?"

"नाही काका."

"देवाची दया," काका म्हणाले, आणि खाली बसून लहान पोरासारखे रडले.

आणि काकू? काकू नलिनीबाईंकडं बघत होत्या. "पण नलिनी, आमचं दार तर क्रीम आहे!"

सगळ्या बायका पुन्हा पंख्याकडं बघायला लागल्या.

त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पडला. "देठेकाकांबद्दल मी खोटं पसरवलं. ते पीत नाहीत. नलिनी त्रिभुवन." हात जोडलेलं एकही चित्र नाही! पाळकसाहेब चप्पलसुद्धा न घालता काकांकडं धावले. दुसऱ्या दिवशी पवित्र गुरुवारचं प्रभुभोजन. रस काकांचाच ठरला.

पण बाटल्या प्रभूच्या मंदिरात, चर्चमध्ये, नेणार कोण? नलिनीबाई म्हणाल्या, "मी." काका म्हणाले, "रिक्षा बोलावू." "नको." आणि तेच पोतं खांद्यावर घेतलं! भर चार वाजता, रस्त्यानं — खण, खण, खण! स्टँडपाशी तो परमिट रूमचा वेटर दारातच उभा. हात वर करून ओरडला, "मावशी! परत आणल्या का बाटल्या? ठेवा आत!"

समोरून रिक्षा. रिक्षात मंडळीतल्या दोघी. नलिनीबाईंचा हात आपोआप पोतं पाठीमागं लपवायला गेला — आणि तिथंच थबकला. असाच गेला होता काकांचा हात. असाच! त्यांनी पोतं पुन्हा खांद्यावर सरळ केलं आणि चालू लागल्या.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं? भास्कररावांना स्टुलावर चढवलं आणि चौकटीचा खिळा हातभर वर ठोकायला लावला.

आता मागं वळून काय बघता? नलिनीबाई इथं बसल्यात का म्हणून? अहो, घरी जा आणि आधी आपापल्या टीव्हीमागं बघा! तुमच्या कोणत्या आज्ञा गेल्यात तिथं? माझीही एक होती, धूळ झाडायला लागली. पुढच्या बुधवारी कोणाचा विषय तोंडाशी आला, तर आधी त्या घरचं दार वाजवा. आत जा. चहा घ्या. विचारा, "काका, बरं आहे ना?" एवढंच. मग खुशाल गुडघ्यांवर या. तो ऐकतोच. शेजारीण ऐकते की नाही, हे बघायला एक डोळा उघडा ठेवू नका!

उठू नका, उठू नका! रस्सा कुठं जात नाही. एक राहिलं.

त्या गुरुवारी भक्ती संपवून काका आणि काकू घरी आले. काकांच्या हातात रिकामं पोतं, मन हलकं झालेलं. दारापुढं काका थांबले. किल्ली हातात, पण दार उघडेनात.

"काय झालं हो?" काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, "सुगंधा, नलिनीनं एवढ्या बायकांत खरं सांगितलं. मला घरातल्या घरात जमेना, याची लाज वाटते. रागावू नकोस."

"बोला ना."

काकांनी मोठा श्वास घेतला.

"दार पिवळं आहे गं."