खास जमातीचा फायदा

...आता पुन्हा तेच! कालपासून तिसऱ्यांदा इचारून राहिले तुमी, की उकंडराव, या खास जमातीचा पोरांना कॉलेजात फायदा होतो का, अन् होतो तर कितीक होतो. बसा. इथं ओसरीवरच बसा, आन् तुम्हाला सांगतो ते बराबर ऐका, मग तुमचं तुमी ठरवा. सांगून कोणाला पटत न्हाई, ते येगळं.

आपली हिंगोलीची शाळा मॅट्रिकपर्यंत. त्याच्या पुढं हैदराबादचं कॉलेज, तिथं सारं उर्दूत, अन् प्रोफेसर कसे, तर इलायतेहून शिकून आलेले. आता आमच्या सेनगावाकडचं पोरगं एकदम तिथं गेलं तर बुजंल का न्हाई? बुजंल. म्हणून आमच्या इनायत मास्तरांनी ही खास जमात, म्हणजे खास वर्ग, काढली. कॉलेजचा अभ्यास अगुदर इथंच करून घ्यायचा, म्हणजे तिथं तकलीफ न्हाई. मास्तर स्वतः कॉलेजात जाऊन आलेले. जाऊन आलेले एवढं साऱ्या हिंगोलीला ठाऊक. किती दिवस राहून आले, हे कोणी इचारलं न्हाई. मास्तरांना असं इचारतात का?

तर रोज शाळेच्या आधी, याच ओसरीवर, आमी चौघं. पुस्तक एकच, मास्तरांनी कॉलेजातून आणलेलं, तवारीखचं, म्हणजे इतिहासाचं. त्याला पुढून वाळवी लागलेली, मागूनबी लागलेली, मधी उरलं पान एकेचाळीस ते एकशे अठरा. तेवढं आमाला तोंडपाठ. एकेचाळीसच्या आधी जगात काही झालं न्हाई आन् एकशे अठराच्या पुढं सगळे सुखानं नांदले, असं आमी धरून चाललेलो. काहून न धरावं? आमी खास जमातीचे!

आन् शिकायची रीत कशी, तर मास्तर एक वाक्य म्हणणार, आमी चौघांनी मागून म्हणायचं, ठणठणीत, पार बाजारापर्यंत गेलं पाहिजे. मास्तर म्हणायचे, "फौज दरिया के किनारे पहुँची." आमी, "फौज दरिया के किनारे पहुँची!" मास्तरांना दमा, मधीच खोकायचे. आमीबी खोकायचो. एका दिवशी एकानं खोकलं न्हाई, तर मास्तरांनी त्याच्याकडं असं पाहिलं... म्हणजे आमाला वाटलं, असं पाहिलं... तवापासून खोकला कोणी सोडला न्हाई. दोन वर्षं चाललं हे.

मॅट्रिक झालो. खास जमातीतून कॉलेजात निघालेला पहिला मीच. आमचे बाबा, सटवाजी, कधी कोणापुढं वाकले न्हाईत, ते टेसनावर मास्तरांच्या पाया पडले. आई, गोजरबाई, तिनं दशम्या एवढ्या बांधल्या की डब्यातल्या साऱ्या लोकाला पूर्णेपर्यंत पुरल्या. आन् खरं सांगतो, मला वकील व्हायचं होतं. मनापासून व्हायचं होतं. काळा कोट घालून परभणीच्या कचेरीत उभा राहिलेला मी सपनात दिसायचो मला. कायदा मात्र कडक तिथला : पहिली सहामाही पास झाला तर राहायचं, न्हाई झाला तर बिस्तरा बांधायचा. मी म्हणलं, बांधू दे दुसऱ्याला. आपण कोण? खास जमातीचे!

पहिला दिवस. हॉल केवढा, त्यात शंभर पोरं, साऱ्यांच्या शेरवान्या इस्त्रीच्या. प्रोफेसर आले, चष्मा पुसला, घातला, आन् हळू आवाजात म्हणाले, "आज हम पहला सबक शुरू करेंगे."

आन् मी, ठणठणीत, "आज हम पहला सबक शुरू करेंगे!"

एकटाच हो! शंभरातून एकटाच! मला वाटलं बाकीचे झोपले काय? प्रोफेसरनं मान वर केली, "कौन है?" मी म्हणलं, "कौन है!" तोंड आवरंना, दोन वर्षांची सवय, ती काय एका दिवसात जाती? "बाहर जाइए." मी म्हणलं, "बाहर जाइए!" आन् गेलो.

दुसऱ्या दिवशी तोंडात रुमाल कोंबून बसलो. बरं चाललं होतं, पण प्रोफेसरला खोकला आला. आता रुमाल तोंडात असून खोकायचं म्हणजे... पुन्हा बाहेर. बाहेर दाराशी स्टुलावर म्हातारा चपराशी बसायचा, चाँद पाशा. माझं निम्मं कॉलेज त्याच्यापाशीच झालं.

हळूहळू तोंड गप झालं माझं. पण आता ध्यानच सारं तोंडाकडं, कानाकडं बघायला कोण? मागून म्हटल्याबिगर ते डोक्यात उतरतच नव्हतं. असं करता करता सहामाही आली. पेपर उघडला. सवाल काय, तर अमुक राज्य काहून बुडालं, आपली राय लिहा. आता ते राज्य एकशे अठराव्या पानापर्यंत धडधाकट चाललेलं; बुडालं असंल तर वाळवीच्या हद्दीत बुडालं. आन् राय? आमची राय? दोन वर्षांत आमाला कोणी राय इचारली न्हाई. घरी इचारली न्हाई, शाळेत न्हाई, खास जमातीत तर न्हाईच न्हाई. पण हरलो न्हाई मी. फौज दरियाच्या किनाऱ्यापासून सुरू केलं आन् एकशे अठरावं पान संपेस्तोवर लिहिलं, एक शब्द चुकला न्हाई. खाली लिहिलं, "राय उस्तादांना इचारून कळवतो." खास जमातीचं वळण ते!

नापास. पाच महिन्यात काळा कोट गेला. खोटं काहून सांगू, रडलो. चाँद पाशा माझा बिस्तरा बांधू लागला अन् म्हणाला, "हिंगोली के ना तुम? बहोत बरस पहले एक आए थे उधर के, इनायत नाम था. वो बी तुम्हारे जैसा ईच पीछे-पीछे बोलते थे. तीन महीने रहे."

तीन महिने! गाडीत बसल्यापासून डोक्यात आग. म्हणलं, टेसनावरून सरळ ओसरीवर जातो आन् मास्तरांना तोंडावर इचारतो. आलो. मास्तर याच खांबाला टेकून बसलेले, डोळ्यांनी दिसंनासं झालेलं. माझा आवाज ओळखला आन् इचारलं एकच, "बेटा, एकेचाळीस पान इचारलं का त्यांनी?" काय सांगणार तुम्ही असता तर? मी म्हणलं, "व्हय मास्तर. सारं तेच इचारलं." मास्तरांनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं, माझे हात धरून ठेवले किती वेळ, आन् साऱ्या हिंगोलीला सांगितलं, आमचा उकंडराव कॉलेज करून आला, आता खास जमात तोच घेईल. बाबांनी ऐकलं. आईनं ऐकलं. न्हाई कोणत्या तोंडानं म्हणू?

तर फायदा इचारता ना? हिशोब सोपा. मास्तर तीन महिने टिकले, मी पाच. एका पिढीला दोन महिन्यांचा फायदा. याच चालीनं चाललं तर तुमच्या नातवाचा नातू पास होईल.

पण मी इमानी माणूस. मी ठरवलं, जे आमाला कोणी सांगितलं न्हाई ते आपण सांगायचं, पहिल्याच दिवशी. काल नवी जमात बसली, बारा पोरं. मी उभा राहिलो आन् नीट समजावून म्हणलं, "कॉलेजात प्रोफेसरच्या मागून म्हणायचं नसतं."

आन् बाराच्या बारा पोरं, ठणठणीत, पार बाजारापर्यंत, "कॉलेजात प्रोफेसरच्या मागून म्हणायचं नसतं!"

मला नुसता खोकला आला. तर सारी ओसरी खोकली.

...असू द्या. पोराचं नाव काय लिहू?