दसऱ्याला घासलेला रणगाडा

हसू नका, पण माझा रणगाडा आमच्या आईनं घासून धुतला! वीतभर प्लास्टिकचा, पण त्यावर खरा वाटेल असा गंज आणि चिखल रंगवायला मी महिना घातलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नगरला मॉडेलचं प्रदर्शन. दसऱ्याला बघतो, तर अंगणात ट्रॅक्टरशेजारी रणगाडा लख्ख! वर हळदकुंकू, तोफेला झेंडूचं फूल.

“आई, अगं काय केलंस हे?”

“सणाला गाडी अशी मळकी ठिवत्यात व्हय? लई घासावं लागलं.”

चरफडत तसाच नेला. प्रदर्शनात रणगाड्यावर नोकरी केलेले एक रिटायर सुभेदार त्याच्यासमोरून हलेचनात.

“चिखलातले सगळेच बनवतात. दसऱ्याला आमचा अस्साच दिसायचा!” म्हणाले आणि चक्क हात जोडले.

घरी येऊन आईला सांगितलं, तर म्हणाली, “बाकीच्यांचे बी आन, घासून देते.”