ताईची किडनी

डायलिसिसच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक शिंपी आणि त्याची थोरली बहीण बसली होती. आठ वर्षांपूर्वी तिने त्याला किडनी दिली होती. ती गेल्या महिन्यात बंद पडली.

“ताई, रागावलीस?”

“तुझ्यावर कशाला रागावू? गोळ्या घेत होतास ना?”

“एकही चुकवली नाही. तरी लघवी आटत गेली. रक्तातली घाण अंगातच साठते म्हणे. दिवसभर खाज सुटते, हात एवढे सुजतात की कात्रीत अंगठा शिरत नाही.”

“मग माझी ती किडनी आता काढणार?”

“नाही. त्रास देत नाही तोवर पोटातच राहू देतात.”

“नुसती?”

“नुसतीच.”

“आईला सांगितलंस?”

“कुठल्या तोंडाने सांगू? ती अजून शेजारणींना सांगते, माझी दोन्ही लेकरं एकेका किडनीवर ठणठणीत आहेत.”

“राहू दे. सांगू नकोस.”

“आता मला दुसरी कोण देणार गं?”

“माझ्याकडे एकच उरली रे.”

“तुझ्याकडे नाही मागत.”

“ठाऊक आहे. पण तू विचारलंस आणि मी आधी माझीच मोजली.”

नर्सने त्याला आत बोलावलं.

“चार तास लागतील, ताई. तू घरी जा.”

“घरी जाऊन काय करू?”