सतरा

नयना : आणि डोळ्यांसमोर चमकतंय, ते कधीपासून?

प्रियदर्शनी : सकाळधरनं. डोकं बी लई ठणकालंय, नयनाक्का.

तानूबाई : आठवा महिना म्हटल्यावर हुतंयच की. तुम्ही संस्थेवाल्या उगंच घाबरवता. स्वल्प झोपली की सगळं सरी हुतंय, बरं वाटतंय.

नयना : तानूबाई, तुमच्या सुनेचे हात बघा. बांगड्या रुतल्यात. बीपी मी परत परत घेतलं, खूप वर आहे. अशात झटके येऊ शकतात. आई आणि बाळ, दोघांनाही धोका असतो. मी ऑटो बोलावते.

प्रियदर्शनी : मी न्हाई येणार.

नयना : दर वेळी हेच! तपासणीचं नाव काढलं की 'पुढच्या आठवड्यात'. कसली भीती वाटते तुला?

तानूबाई : एकोणीस वर्सांची पोर, पहिलटकरीण. भ्यायचीच.

प्रियदर्शनी : आत्या, आता बास. अक्का, मला सतरा हायत. दवाखान्यात आधार कार्ड बघतात. वय कळलं की पोलीस दयानंदला नेतील.

नयना : सतरा? मला तर...

तानूबाई : एकोणीस मीच सांगितलं. लगीन बी मीच लावलं. माझ्या भावाची पोर ही. आई गेली, बापानं दुसरी केली. हिला कोण बघणार हुतं? माझ्या पोराला करून घेतली, घरात आणली. वाईट केलं का?

प्रियदर्शनी : अक्का, तुम्ही एकोणीस सांगा की. तुमचं ऐकतील.

नयना : नाही गं. खोटं नाही सांगणार मी. डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं, हेही तुझ्यापासून लपवत नाही. पण म्हणून उपचार अडवत नाहीत. आमच्या वकील मॅडमना वाटेतूनच फोन करते. पुढे काय होईल, ते मला खरंच माहीत नाही.

प्रियदर्शनी : मग मी हितंच बरी.

तानूबाई : प्रियू, इकडं बघ. अशी का बघालीस? मी कुठं हाय?

प्रियदर्शनी : धुरकट... आत्या, तुमचं तोंड दिसंना झालंय.

तानूबाई : नयनाक्का, ऑटो बोलवा! बेग! लवकर!

(सरकारी रुग्णालय. प्रसूती विभागाबाहेरचा बाक.)

नयना : इंजेक्शन दिलंय. बीपी हळूहळू उतरतंय. बाळाचे ठोके चांगले आहेत, पण वेळेआधीच बाळंत करावं लागेल म्हणतात. मी वकील मॅडमशी बोलत होते तेव्हा सिस्टरनी वय विचारलं ना?

तानूबाई : सतरा सांगितलं. लगीन मी लावलं, हे बी सांगितलं.

नयना : आणि दयानंद?

तानूबाई : टॅक्सीचं व्हाइटफील्डचं भाडं सोडून निघालाय. 'कुठंतरी निघून जा' म्हणणार हुते त्याला. फोन लागेपर्यंत तोंडात तेच हुतं बघा. त्यानं 'आई' म्हटलं, आणि मी म्हटलं, सरळ हितं ये.

नयना : पोलीस तुम्हालाही विचारतील, तानूबाई.

तानूबाई : विचारू देत. ते येईस्तोवर मला आत बसू देतील काय? पोरीला हात धरल्याबिगर झोप लागत न्हाई.